टोपीखालची वाफ : नागपुरातल्या एका जुन्या टँकरच्या दुरुस्तीचं प्रकरण

हे प्रकरण माझ्याच गॅरेजमधलं आहे. गॅरेज मानेवाड्याच्या बाजूला, रिंग रोडला लागून. आयटीआयच्या मेकॅनिक डिझेल ट्रेडची एक-दोन पोरं दर वर्षी माझ्याकडे हात बसवायला येतात. त्यांतल्याच एका पोराला भाजलं, आणि त्याला तिथं पाठवणारा मी होतो. माणसांची नावं, गाडीचा नंबर आणि नेमक्या तारखा काढून टाकल्या आहेत. बाकी जे घडलं ते तसंच लिहिलं आहे.

पार्श्वभूमी

गाडी म्हणजे पाण्याचा टँकर. चेसिस जुन्या टाटाची, पुढे आखूड नाक आणि त्यावर वर उचलायचं बोनेट. इंजिनाचा अर्धा भाग नाकात, अर्धा केबिनमध्ये ड्रायव्हरच्या मांडीशेजारी. टेल्कोनं, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सनं, १९५४ मध्ये डाइम्लर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला ट्रक बांधायला सुरुवात केली. हा करार १९६९ ला संपला, पण त्या गाड्यांची साधी, दणकट, सगळं हातानं उघडता येईल अशी बांधणी पुढच्या गाड्यांत बरीच वर्षं टिकली. म्हणून आम्हा मिस्त्री लोकांचा या गाड्यांवर जीव. एकही सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. कान, नाक आणि पाना एवढ्यावर काम होतं.

टाकी सहा हजार लिटरची. उन्हाळ्यात बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वर या बाजूच्या नव्या लेआउटमध्ये दिवसाला आठ-दहा फेऱ्या. एका शेतातल्या विहिरीवर भरायची, कच्च्या रस्त्यानं पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये न्यायची, इमारतीखाली उभी करून पाणी सोडायचं. भर मे महिना, पारा ४५ च्या वर, वजन पूर्ण आणि वेग बैलगाडीचा. समोरून वारा लागतच नाही, सगळी मदार रेडिएटरच्या पंख्यावर. गाडी गरम व्हायला याहून जास्त काही लागत नाही.

ड्रायव्हर पन्नाशीचा, मेहनती माणूस, मालकाकडे चौदा वर्षं. गाडीतलं काय काय बिघडलं आहे हे त्याला पाठ होतं आणि प्रत्येकावर त्यानं स्वतःचा उपाय काढला होता. पाण्याच्या तापमानाचा काटा दोन वर्षांपासून मेलेला, म्हणून तो वासावरून ओळखायचा. डिझेल इंजिन चावी फिरवून बंद होत नाही, डिझेल पंपाचा लिव्हर ओढणारी स्टॉपची तार लागते. ती तुटलेली, म्हणून तो बोनेट उघडून, चालत्या पंख्याशेजारून हात घालून लिव्हर दाबायचा. सेल्फचं, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या मोटरचं, बटण गेलेलं, तर खाली वाकून सेल्फच्या दोन टोकांवर पेचकस टेकवायचा. बोनेटच्या टेकूचा खाचा झिजलेला, त्यामुळे टेकूखाली लाकडाची चीप. आणि रेडिएटरमध्ये पाणी घालायचं ते टँकरचंच, म्हणजे विहिरीचं, जड, क्षारांचं.

त्याला आळशी किंवा बेफिकीर म्हणणं अन्यायाचं होईल. उन्हाळ्यात गाडी एक दिवस उभी राहिली की मालकाचं गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जातं आणि ड्रायव्हरची रोजी बुडते. तो मालकाला दुरुस्ती सांगायचा, मालक पावसाळ्यावर ढकलायचा, आणि मधल्या वेळात तो जुगाड करायचा.

अडचण

दुपारी एकच्या सुमारास फोन आला. "मिस्त्री, गाडी गरम होऊन राहिली. दमच नाही घेत. बेलाच्या झाडाखाली उभी केली." मी दुसऱ्या एका गाडीचा गिअरबॉक्स खाली उतरवत होतो, अर्धा जॅकवर, सोडता येण्यासारखा नव्हता. माझ्याकडचा पोरगा, वय १९, हुशार, आठ महिन्यांचा अनुभव. मी त्याला म्हणालो, "जा बे, पाहून ये. पाणी कमी असंल तं टाक, पट्टा पाहा, मी तासाभरात येतो." तो मोटरसायकल काढून गेला.

या वाक्यात मी काय सांगितलं नाही, ते मला आजही टोचतं. रेडिएटरच्या टोपीला हात लावू नको, हे मी बोललो नाही. त्याला ते माहीत आहे असं मी धरून चाललो. आणि "पाणी कमी असंल तं टाक" याचा सरळ अर्थ टोपी उघड असाच होतो.

पहिला निर्णय : टोपी उघडायची की नाही

पोरानं नंतर मला जे सांगितलं ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण तो अंधाधुंद वागला नव्हता. तो पोहोचला तेव्हा इंजिन बंद होऊन दहा-बारा मिनिटं झाली होती. त्यानं बोनेट उचललं, टेकू लावला. रेडिएटरच्या बाजूची ओव्हरफ्लोची नळी पाहिली. त्यातून वाफ नव्हती, पाणी नव्हतं. वरचा होज, म्हणजे इंजिनातून रेडिएटरला जाणारा रबरी पाईप, दाबून पाहायला गेला, पण होजवर ट्यूबच्या पट्ट्यांचे तीन-चार थर गुंडाळलेले. मऊ की कडक, काही कळेना. ड्रायव्हर म्हणाला, "काही नाही होत, गार झाली असंल." पोरानं ओलं पोतं टोपीवर टाकलं आणि फिरवलं.

वाफ नव्हती म्हणजे गार झालं, हा त्याचा अंदाज. बहुतेक गाड्यांत तो थोडाफार खरा ठरतो, कारण दाब वाढला की टोपीची स्प्रिंग उचलते आणि जादा वाफ नळीतून बाहेर पडते. पण या टोपीखाली ड्रायव्हरनं टायरच्या ट्यूबचा गोल तुकडा कापून बसवला होता. महिनाभरापूर्वी टोपीतून पाणी ठिबकत होतं, ते थांबावं म्हणून. ठिबकणं थांबलं, आणि त्याबरोबर वाफेची वाटही बंद झाली. नळी शांत होती ती आत दाब नव्हता म्हणून नाही, दाबाला बाहेर पडायला जागा नव्हती म्हणून.

दुसरी गोष्ट इंजिन बंद झाल्यानंतरची. बंद केलं की पाण्याचा पंप थांबतो, पंखा थांबतो, पण हेडमधलं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातलं, लोखंड लालबुंद नसलं तरी पाण्यापेक्षा कितीतरी जास्त तापलेलं असतं. ती उष्णता हळूहळू थांबलेल्या पाण्यात उतरते. पहिली काही मिनिटं आतलं तापमान कमी होण्याऐवजी वाढतं. म्हणजे दहा मिनिटं थांबणं हे कधीकधी सगळ्यात वाईट वेळी हात घालणं ठरतं.

आता टोपी उघडल्यावर काय होतं ते. सात पौंड दाबाला उघडणारी टोपी असेल तर आतलं पाणी १०० अंशांना उकळत नाही, ते साधारण ११० पर्यंत पाणी म्हणूनच राहतं. टोपी सैल झाली, दाब एकदम पडला, की त्या पाण्याचा काही भाग त्याच क्षणी वाफ होतो. पाण्याची वाफ झाली की तिला साधारण १६०० पट जागा लागते. ती वाफ उरलेलं उकळतं पाणी पुढे ढकलत बाहेर येते. टोपीला दोन खाचे असतात ते याचसाठी, पहिल्या खाच्यावर थांबून दाब सोडावा म्हणून. या रेडिएटरचा पहिला खाचा झिजून गुळगुळीत झाला होता. टोपी अर्ध्या फेऱ्यात सुटली आणि पोत्यासकट उडाली.

पोरगा बाजूला उभा होता, समोर वाकलेला नव्हता. एवढी एक गोष्ट त्यानं माझ्याकडून बरोबर उचलली होती. चेहरा वाचला. उजवा हात कोपरापर्यंत आणि मानेची उजवी बाजू भाजली.

पुढची वीस मिनिटं

इथं ड्रायव्हरनं जे केलं त्याचं मी मनापासून नाव घेतो. त्याच्याकडे सहा हजार लिटर पाणी होतं. त्यानं पोराला धरून टँकरच्या मागं नेलं. पाईप उन्हात पडून तापला होता, त्यातलं पहिलं पाणी चटका देणारं. त्यानं ते आधी जमिनीवर सोडून दिलं, हाताला गार लागेपर्यंत. मग पोराच्या हातावर आणि मानेवर धार धरली. हातातला कडा आणि घड्याळ लगेच काढलं, कारण थोड्या वेळात सूज चढते आणि मग ते निघत नाही. चिकटलेला शर्ट त्यानं ओढला नाही.

शेजारच्या दुकानातून कोणी टूथपेस्ट आणली, कोणी हळद. ड्रायव्हरनं काही लावू दिलं नाही. मी पोहोचलो तेव्हाही धार चालूच होती. भाजलेल्या जागेवर गार, वाहतं पाणी वीस मिनिटं, बर्फ नाही, पेस्ट नाही, तूप नाही, हे त्याला एका कंपनीतल्या प्रशिक्षणात सांगितलं होतं, तो आधी तिथं बस चालवायचा. मग स्वच्छ ओल्या कापडानं झाकून माझ्या ओळखीच्या कारमधून मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, नेलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की पाणी लगेच आणि पुरेसा वेळ मिळालं म्हणून जखम खोल गेली नाही.

त्याच्या आईला फोन मी केला. काय बोललो ते आठवत नाही. ती म्हणाली, "डोळे तं बरे आहेत ना जी?" ते वाक्य मात्र जसंच्या तसं आठवतं.

दुरुस्तीचे पर्याय

गाडी टोचन करून गॅरेजला आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी, पूर्ण गार असताना, तपासणी केली. टोपी काढून, इंजिन चालू करून रेडिएटरच्या तोंडात पाहिलं. बुडबुडे येत नव्हते, तेलात पांढरी साय नव्हती, म्हणजे हेड गॅस्केट बहुधा शाबूत. पाण्याच्या पंपाच्या खालच्या भोकातून पाणी ठिबकत होतं, पंख्याला हातानं हलवलं तर खेळ जाणवत होता. इंजिन तापू लागल्यावर रेडिएटरच्या जाळीवर तापमान मोजायची बंदूक फिरवली. खालचा जवळजवळ अर्धा भाग गारच. तिथल्या नळ्या क्षारानं बुजलेल्या होत्या.

थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारी झडप, जागेवर नव्हता, हे नंतर झाकण उघडल्यावर कळलं. पूर्वी कुणीतरी गाडी गरम होते म्हणून काढून टाकला असावा. आमच्याकडे हा सर्रास केला जाणारा उपाय. पण ज्या इंजिनात थर्मोस्टॅट उघडताना बायपासचा रस्ता बंद करतो, तिथं तो काढला की गरम पाण्याचा एक भाग रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनातच फिरत राहतो. उन्हाळ्यात गाडी अजून गरम होते, हिवाळ्यात सकाळी तापतच नाही आणि डिझेल खाते.

मालकाला मी तीन मार्ग सांगितले. नवी टोपी, केमिकलनं धुलाई आणि ताजं पाणी, दोन तासांत गाडी रस्त्यावर. किंवा रेडिएटर उतरवून वरच्या टाकीचं सोल्डरिंग सोडवून प्रत्येक नळीत रॉड मारणं, पंपाचा किट, थर्मोस्टॅट, सगळे होज, पट्टा, आणि त्याबरोबर तापमानाचा काटा, स्टॉपची तार, बोनेटचा टेकू. दोन ते तीन दिवस. तिसरा मार्ग हेड उतरवून पूर्ण तपासणी, आठवडा.

मालकाला पहिला हवा होता. एका लग्नाच्या मांडवाला पाणी द्यायचं कबूल केलं होतं. "पाणी नाही गेलं तं माझी इज्जत जाते, मिस्त्री." मी नाही म्हणालो. अर्ध्या बुजलेल्या रेडिएटरवर केमिकल म्हणजे फक्त सुटलेला गाळ उरलेल्या नळ्यांत जाऊन बसण्याची शक्यता. हेड उतरवायचंही कारण दिसत नव्हतं. दुसरा मार्ग ठरला, आणि मांडवासाठी मालकानं ओळखीच्या माणसाचा टँकर भाड्यानं लावला. हा पर्याय त्याला आधीही मोकळा होता, पण गाडी माझ्या आवारात उघडी पडेपर्यंत त्याचा विचार कुणीच केला नव्हता.

दुसरा निर्णय : तुटलेला स्टड

जुन्या गाडीच्या बोनेटखाली वेळ कुठं जातो हे ज्यानं काम केलं नाही त्याला सांगून पटत नाही. नट दिसतो, पण त्यावर गोटी (सॉकेट) बसत नाही, मधे ब्रॅकेट. रिंग पाना बसतो पण फिरायला बोटभर जागा. नट फिरला तर त्याच्यासोबत स्टड, म्हणजे ज्या आट्याच्या दांड्यावर नट बसतो तोच, फिरतो. पाना घसरला की बोटांची पेरं थेट रेडिएटरच्या जाळीवर. घाम डोळ्यात, पत्रा चटके देणारा, आणि खिशात मालकाचा फोन वाजतोय.

थर्मोस्टॅटच्या झाकणाचे तीन नट. दोन निघाले. तिसरा जाम. संध्याकाळचे पाच वाजले होते. मला माहीत होतं की त्यावर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवायला हवं. मी पाईप लावून ओढला. स्टड ब्लॉकच्या तोंडाशी तुटला, पाना सुटला, आणि माझं मनगट पंख्याच्या पात्याच्या कडेवर आदळलं. इंजिन बंद होतं. पंखा फिरता असता तर हे लिहायला उजवा हात राहिला नसता.

मी खाली उतरलो, हात धुतले आणि समोरच्या टपरीवर जाऊन बसलो. मालकाला सांगितलं, आज काही होणार नाही. आदल्या दिवशी पोराला भाजलं, त्याचा राग मनात होता आणि तो मी नटावर काढला. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात झालेल्या बहुतेक इजा अशाच वेळच्या आहेत, दिवस सरताना, काम अडल्यावर, एकदा जोर लावून पाहू म्हणताना.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॅटऱ्यांच्या वायरी काढल्या, आधी अर्थची. तुटलेल्या स्टडच्या टोकावर नवा नट ठेवून आतून वेल्डिंगचा टाका दिला. वेल्डिंगच्या उष्णतेनं स्टड सैल होतो, आणि पाना लावायला नट मिळतो. गार झाल्यावर हळूहळू मागे-पुढे करत तो पंधरा मिनिटांत निघाला.

तिसरा निर्णय : चाचणी

तिसऱ्या दिवशी सगळं बसवलं. रेडिएटर स्वच्छ, आत विहिरीच्या पाण्याऐवजी कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं. स्टॉपची नवी तार. चाचणीच्या आधी मी चारही चाकांना दगड लावले, सवयीनं. ड्रायव्हर मदतीला आला होता. मी केबिनमधून काटा पाहायला चढत होतो, तोच त्यानं सवयीनं खाली वाकून सेल्फवर पेचकस टेकवला. गाडी पहिल्या गिअरमध्ये होती. एक हिसका बसला, पुढचं चाक दगडावर चढू लागलं आणि थांबलं. ड्रायव्हरचं डोकं त्या चाकापासून हातभर अंतरावर होतं.

तो बराच वेळ जमिनीवर बसून राहिला. मी गाडीचा गिअर काढला आणि त्याच्या शेजारी जाऊन बसलो. त्याला रागावण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. सेल्फचं बटण दुरुस्तीच्या यादीत घ्यायचं मीच विसरलो होतो.

पुन्हा चाचणीत एका नोझलच्या, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोटीच्या, पाईपच्या नटाखाली ओल दिसली. दुसरा पोरगा बोट लावून पाहायला गेला, मी ओरडून थांबवलं आणि खोक्याचा पुठ्ठा धरायला लावला. त्या पाईपमध्ये दोनशे बार किंवा त्याहून जास्त दाब असतो. बारीक छिद्रातून सुटलेलं डिझेल कातडीतून आत शिरतं, बाहेर फक्त टाचणी टोचल्यासारखी खूण दिसते, आणि काही तासांत बोट कापायची वेळ येऊ शकते. अशी खूण झाली तर दुखत नसलं तरी लगेच दवाखाना, आणि डॉक्टरांना डिझेल शिरल्याचं सांगायचं.

निष्पत्ती

टँकर चौथ्या दिवशी कामाला लागला आणि नवतप्यातही, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांतही, एकदाही उकळला नाही. ड्रायव्हर आता इंजिन केबिनमधून बंद करतो. पोरगा तीन आठवडे घरी होता, त्याची रोजी आणि औषधाचा खर्च मी दिला, अर्धा मालकानं नंतर आणून दिला. हातावर डाग आहेत, मूठ पूर्ण वळते. तो परत येईल की नाही याची मला खात्री नव्हती. आला.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, मी त्याला एकट्याला पाठवायला नको होतं. निदान फोनवरच ड्रायव्हरला विचारायला हवं होतं : काटा चालतो का, टोपीला काही केलं आहे का, होज दिसतो का. तीन प्रश्नांत ट्यूबचा तुकडा बाहेर आला असता. आता पोरगा रस्त्यावर जातो तेव्हा मी एवढंच सांगतो की टोपी मी आल्यावर उघडायची, आणि तोवर सावलीत बसायचं. पाऊण तास वाया गेला असं मालकाला वाटतं, वाटू द्यावं.

ड्रायव्हरनं गाडी तापल्याबरोबर इंजिन बंद केलं, तेही तपासून पाहण्यासारखं. पाणी शिल्लक असेल आणि पट्टा शाबूत असेल, तर भार काढून, सावलीत, थोडा रेस ठेवून इंजिन काही मिनिटं चालू ठेवलं तर पंप आणि पंखा उष्णता बाहेर काढत राहतात. पाणी संपलं असेल किंवा पट्टा तुटला असेल तर मात्र लगेच बंद. आणि तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी कधीच नाही, हेडला तडा जाऊ शकतो.

दुपट्ट्याचंही सांगायला हवं. नागपूरच्या उन्हात डोक्याला दुपट्टा बांधल्याशिवाय कोणी बाहेर पडत नाही, पोरानंही बांधला होता आणि त्याची टोकं छातीवर लोंबत होती. इंजिन बंद होतं म्हणून निभावलं. चालू इंजिनावर वाकताना ती टोकं पट्ट्यात सापडली तर माणूस आत ओढला जातो. आता गॅरेजमध्ये बोनेट उघडायच्या आधी दुपट्टा खुंटीला.

सेल्फचं बटण मात्र अजून बसलेलं नाही. त्या दिवशी मिळालं नाही, आणि मालक पावसाळ्यात गाडी आणतो म्हणाला आहे. तोवर ड्रायव्हरच्या समोर, काचेच्या खाली, मी मार्करनं लिहिलेली पट्टी चिकटवली आहे : गिअर न्यूट्रल, हँडब्रेक, चाकाला दगड. दर सोमवारी फोन करून मालकाला बटणाची आठवण करून देतो.